तोतयाची परवानगी

जुलै २०१९ मधील एका सायंकाळच्या प्रसंगाने आरंभ करते. नेहरू नगरमधील माझ्या दवाखान्यात पावसाळ्यात सर्दी-खोकल्याच्या आणि जुलाबांच्या बालकांची जी गर्दी असते, ती त्या दिवशीही होती. स्वागतकक्षातील संगणकाच्या पडद्यावर निळी चौकट उमटली. विंडोजची अद्यतने स्थापित होत आहेत, कृपया प्रतीक्षा करावी, अशा आशयाचा मजकूर आणि त्याखाली हळूहळू पुढे सरकणारी टक्केवारी. आमच्या मदतनीस ताईंनी विचारले, "मॅडम, बंद करून पुन्हा चालू करू का?" मी मोठ्या जाणतेपणाने म्हटले, "नको, अपडेट चालू असताना बंद करायचे नसते." पुढची चाळीस मिनिटे आम्ही नोंदी कागदावर केल्या आणि यंत्राला निवांतपणे त्याचे काम करू दिले.

ते काम कोणते होते, हे रात्री कळले. मुलांच्या लसीकरणाची नोंदवही, वाढीचे आलेख, संदर्भपत्रे, व्याख्यानांसाठी जमवलेली त्वचाविकारांची छायाचित्रे, अशा प्रत्येक फाइलच्या नावापुढे एक अनोळखी शेपूट लागले होते आणि त्यांतील एकही उघडत नव्हती. प्रत्येक कप्प्यात एकच इंग्रजी चिठ्ठी ठेवलेली होती : आपल्या फाइली कुलूपबंद केल्या आहेत, किल्ली हवी असल्यास ९८० डॉलर, ७२ तासांच्या आत संपर्क साधल्यास निम्मे, म्हणजे ४९० डॉलर. मी जिला अद्यतनाची सूचना समजले ती चौकट विंडोजची नव्हतीच. फाइली कुलूपबंद होत असताना यंत्राची तबकडी जी घरघर करते तिचा संशय येऊ नये आणि कोणी वीज तोडू नये, एवढ्यासाठी तो पडदा लावलेला होता. ‘स्टॉप’ किंवा ‘डिजेव्हीयू’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या खंडणीखोर प्रोग्रामची त्या काळातील ही ठरलेली रीत होती, हे मला पुढे वाचून समजले. त्या सायंकाळी मात्र त्याच्या सर्वांत आज्ञाधारक सेवक आम्हीच होतो.

हा लेख संगणकतज्ज्ञाचा नाही, हे सुज्ञ वाचकांनी ध्यानी घ्यावे. परंतु रोग कसा जडला, हे शोधण्याची खोड वैद्याला असते. त्या शोधात जे हाती लागले ते आपल्या मंडळाच्या सभासदांपुढे ठेवावे, एवढाच हेतू. संगणक आज प्रत्येक दवाखान्यात आणि प्रत्येक घरात आहे, आणि संसर्गाची ही वाट अजून बंद झालेली नाही.

इतिहास पुढीलप्रमाणे. त्या वर्षीच्या जानेवारीत संगणक मंदावला म्हणून बाजारातील एका होतकरू तरुणाला बोलावले होते. त्याने तबकडी पुसली, विंडोज नव्याने घातले, त्यावर ऑफिस घातले आणि पेनड्राइव्हवरील एक छोटा प्रोग्राम चालवून ‘सगळे ॲक्टिव्हेट करून दिले’. मजुरी अगदी माफक होती. परवान्याची किंमत त्यात नाही, हे मला कळत नव्हते असे म्हणणे खोटे ठरेल. विचारले नाही, एवढेच. जुलैत पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात ‘ॲक्टिव्हेट विंडोज’ हा फिकट मजकूर पुन्हा उमटू लागला. पालकांना तो दिसतो, बरे वाटत नाही, म्हणून मीच ताईंच्या मुलाला म्हटले, "बघ रे, हे जाते का." मुलगा हुशार, महाविद्यालयात शिकणारा. त्याने आंतरजालावर शोध घेतला, पहिल्याच पानावर ‘अधिकृत’ म्हणवणारे एक नेटके संकेतस्थळ सापडले, तेथील सूचनेनुसार त्याने आधी अँटिव्हायरस बंद केला आणि मग उतरवून घेतलेली फाइल चालवली. कोपऱ्यातील मजकूर गेला. आम्ही त्याला शाबासकी दिली. पुढची निळी चौकट आपण पाहिलीच.

जानेवारी ते जुलै हे अंतर योगायोगाचे नव्हते. ते कसे, हे समजण्यासाठी ‘ॲक्टिव्हेशन’ म्हणजे नेमके काय, हे थोडे विस्ताराने पाहावे लागेल.

२००१ साली विंडोज एक्सपी आले आणि मायक्रोसॉफ्टने घरगुती वापराच्या प्रतींसाठी एक नवी अट घातली. पंचवीस अक्षरांची किल्ली टाइप करून भागत नाही. ती किल्ली आणि यंत्राची ओळख यांची सांगड कंपनीच्या सर्व्हरवर पडताळली जाते, आणि तेथून ‘हो’ असे उत्तर आले की प्रत कायम होते. मोठ्या संस्थांत मात्र शेकडो यंत्रे असतात. प्रत्येकाने बाहेर जाऊन पडताळणी करावी हे गैरसोयीचे. म्हणून व्हिस्टाच्या काळापासून अशा संस्थांना स्वतःच्याच आवारात एक पडताळणी सर्व्हर ठेवण्याची मुभा मिळाली. त्याला ‘की मॅनेजमेंट सर्व्हिस’, थोडक्यात केएमएस, म्हणतात. आवारातील यंत्र या सर्व्हरला विचारते, मी वैध आहे काय. सर्व्हर सांगतो, हो. हे उत्तर १८० दिवस टिकते, आणि यंत्र साधारणतः दर सात दिवसांनी ते नवे करून घेऊ पाहते. किमान पंचवीस यंत्रांनी विचारणा केल्याशिवाय हा सर्व्हर विंडोजच्या साध्या प्रतींना होकार देतच नाही, कारण सोय मोठ्या संस्थांसाठीच आहे.

बाजारातील बहुतेक ‘ॲक्टिव्हेटर’ नेमका याच व्यवस्थेचा तोतया उभा करतात. आपल्याच यंत्राच्या पोटात ते एक खोटा केएमएस सर्व्हर बसवतात. विंडोज विचारते, मी वैध आहे काय. आणि शेजारी बसलेला हा तोतया म्हणतो, हो. बाहेर कोणालाच काही विचारले जात नाही. आमच्या यंत्रात दर आठवड्याचे हे नूतनीकरण बहुधा मधल्या काळात अँटिव्हायरसने थांबवले असावे. त्यामुळे १८० दिवस भरले आणि जुलैत मजकूर परतला.

पुण्याच्या कॉसमॉस बँकेचा प्रसंग आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल. कित्येकांची किंवा त्यांच्या नातलगांची तेथे खातीही असतील. ११ आणि १३ ऑगस्ट २०१८ रोजी त्या बँकेतून ९४ कोटी ४२ लाख रुपये काढले गेले, त्यांतील मोठा भाग २८ देशांतील एटीएम यंत्रांतून. एटीएमचा प्रश्न एरवी बँकेच्या मुख्य प्रणालीकडे जातो : या खात्यात एवढी रक्कम आहे काय? चोरांनी मध्येच एक पर्यायी, खोटा स्विच उभा केला होता आणि तो प्रत्येक प्रश्नाला होकार देत होता. मुख्य प्रणालीला विचारणा होतच नव्हती. ॲक्टिव्हेटरशी त्या दरोड्याचा काही संबंध नाही. परंतु तंत्र समजण्यास याहून चांगले उदाहरण मला मिळालेले नाही. विचारणाऱ्याची आणि उत्तर देणाऱ्याची वाट ज्याच्या ताब्यात आली, त्याला कुलूप फोडावे लागत नाही.

आता मुख्य मुद्दा. समजा, एखादा ॲक्टिव्हेटर ‘प्रामाणिक’ आहे, म्हणजे फुकट परवान्यापलीकडे त्याला काहीही करायचे नाही. तरीही त्याला काय काय लागते पाहा. विंडोजच्या गाभ्यात सेवा बसवायची, तर प्रशासकाचे अधिकार लागतात. दर आठवड्याला होकार नवा करायचा, तर संगणक सुरू होताच आपोआप चालण्याची सोय लागते. अँटिव्हायरस त्याला ‘हॅकटूल’ या सदरात पकडतो, म्हणून पहारेकरी बाजूला करणे किंवा या फाइलला कायमची सूट देणे भाग पडते. आणि हे सारे मालकाच्या संमतीने, मालकाच्या हातून व्हावे लागते. खंडणीखोराला किंवा परवलीचे शब्द चोरणाऱ्याला याहून वेगळे काही लागत नाही. गरजा तंतोतंत एकच असल्यामुळे लक्षणांवरून दोहोंत भेद करता येत नाही. "अँटिव्हायरस ओरडेल, पण तो फॉल्स अलार्म आहे" हे वाक्य दोघेही म्हणतात, आणि त्यांपैकी एक खरेही बोलत असेल. परीक्षेचे साधनच आपण आधी बंद केलेले असते, त्यामुळे खरे कोण बोलतो हे कळण्याचा मार्ग उरत नाही. ताप मोजण्यापूर्वी थर्मामीटर फोडा असे सांगणाऱ्या भोंदूला आपण काय म्हणू, हे मी लिहीत नाही.

डिसेंबर २०२१ मध्ये अमेरिकेतील रेड कॅनरी या सुरक्षा संस्थेने एक प्रकरण उजेडात आणले. केएमएसपिको नावाच्या बहुचर्चित ॲक्टिव्हेटरच्या नावाने फिरणाऱ्या फाइलींतून ‘क्रिप्टबॉट’ हा चोर पसरत होता. ब्राउझरमध्ये साठवलेले परवलीचे शब्द आणि आभासी चलनाची पाकिटे तो उचलत असे. मला त्यातील एक तपशील विशेष वाटला : चोर बसवणारी मंडळी सोबत खरा केएमएसपिकोही बसवून देत. ग्राहकाला हवे ते मिळते, कोपऱ्यातील मजकूर जातो, शंकेला जागा राहत नाही. त्याच संस्थेने असेही नोंदवले की काही कंपन्यांचे संगणक विभागच परवान्याऐवजी हे साधन वापरताना आढळले. तेव्हा ‘आमचा संगणकवाला जाणकार आहे’ या भरवशाचे मोल किती, ते ज्याने त्याने ठरवावे. आणखी पुढची पायरी युक्रेनमध्ये दिसली. फेब्रुवारी २०२५ मध्ये एक्लेक्टिकआयक्यू या संस्थेने दाखवून दिले की रशियाच्या लष्करी गुप्तचर यंत्रणेशी जोडला जाणारा ‘सँडवर्म’ हा गट तेथील लोकांपर्यंत खोट्या केएमएस ॲक्टिव्हेटरांतून हेरगिरीची साधने पोहोचवत होता. फुकट परवाना शोधणारा मनुष्य स्वतः होऊन दार उघडतो, हे ज्ञान आता किरकोळ चोरांपुरते राहिलेले नाही.

या ठिकाणी मराठी वाचकाला भाऊसाहेबांचा तोतया आठवणे साहजिक आहे. पानिपतावर १७६१ साली हरवलेले सदाशिवरावभाऊ आपणच, असे सांगणाऱ्या त्या गृहस्थाला रत्नागिरीकडे कैदेत ठेवले होते, आणि १७७६ साली त्याच्यावर नेमलेल्या अधिकाऱ्यानेच त्याला मोकळे केल्यावर त्याचे बंड कोकणभर फोफावले. किल्ल्याचा दरवाजा आतून उघडला गेला. तोतया एकटा फारसे काही करू शकत नाही.

तोतया प्रोग्रामांकडून आता तोतया संकेतस्थळांकडे वळू. ‘विंडोज ११’ ची घोषणा २०२१ च्या जूनमध्ये झाली आणि दुसऱ्याच महिन्यात कॅस्परस्की कंपनीने इशारा दिला की विंडोज ११ च्या नावाने बनावट फाइली फिरत आहेत. त्यांतील एक तर पावणेदोन जीबीची होती आणि तिच्या नावातच ‘ॲक्टिव्हेटर’ हा शब्द होता. २६ जानेवारी २०२२ रोजी मायक्रोसॉफ्टने या प्रणालीचे वितरण अंतिम टप्प्यात आल्याचे जाहीर केले. दुसऱ्या दिवशी, २७ जानेवारीला, ‘विंडोज-अपग्रेडेड’ अशा नावाचे संकेतस्थळ नोंदवले गेले. रंग, अक्षरे, मांडणी, सारे मायक्रोसॉफ्टचे. एचपी कंपनीच्या संशोधकांनी त्याची चिरफाड केली. उतरवून घेतलेली दाबबंद फाइल अवघी दीड एमबीची, पण उलगडल्यावर ७५३ एमबी! एकच अक्षर कोट्यवधी वेळा लिहून ती फुगवलेली होती. पुष्कळ तपासणी साधने फार मोठ्या फाइली वगळून पुढे जातात, हे ओळखून केलेली ती युक्ती. आत होता ‘रेडलाइन’ नावाचा चोर. त्याच वर्षी एप्रिलमध्ये आपल्या बंगळूरच्या क्लाउडसेक या संस्थेनेही विंडोज ११ च्या खोट्या संकेतस्थळावरून पसरणारा ‘इनो स्टीलर’ हा आणखी एक चोर शोधून काढला.

हे चोर कुलूप लावत नाहीत, खंडणी मागत नाहीत, संगणक मंदावतही नाहीत. मिनिटभरात ब्राउझरमधील परवलीचे शब्द आणि ‘कुकी’ घेऊन जातात. कुकी म्हणजे आपण एकदा ओळख पटवून आत गेल्यावर संकेतस्थळाने मनगटावर बांधलेला पट्टा समजा. ज्याच्या हाती तो पट्टा लागला त्याला परवलीचा शब्द आणि मोबाइलवर येणारा ओटीपी दोन्ही न विचारता आत जाता येते. आमच्या बाबतीतही खंडणीची चिठ्ठी हे केवळ दृश्य लक्षण होते. त्या काळात ‘स्टॉप’ सोबत अनेकदा परवलीचे शब्द चोरणारा जोडीदारही येत असे, आणि तीन आठवड्यांनी माझ्या ईमेलमध्ये परदेशातून कोणी शिरल्याची सूचना आली. संगणक पुसून स्वच्छ केला म्हणजे रोग गेला, अशी माझी समजूत होती. परवलीचे शब्द बदलायचे राहून गेले होते.

अलीकडे तर उतरवून घेण्यासारखी फाइलही लागत नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये वर्णन केलेला एक प्रकार असा : एखादे संकेतस्थळ उघडताच ब्राउझर संपूर्ण पडदा व्यापतो आणि विंडोज अद्यतनाचा हुबेहूब निळा पडदा दिसू लागतो, फिरणारे ठिपके आणि टक्केवारीसह. शेवटी तो सांगतो की अद्यतन पूर्ण करण्यासाठी विंडोजचे चिन्ह असलेली कळ आणि ‘आर’ एकत्र दाबा, मग कंट्रोल आणि ‘व्ही’, मग एंटर. दिसायला तीन निरुपद्रवी कळा. प्रत्यक्षात संकेतस्थळाने आपल्या नकळत एक आज्ञा आधीच कॉपी करून ठेवलेली असते. पहिली जोडी आज्ञा लिहिण्याची चौकट उघडते, दुसरी ती आज्ञा तेथे चिकटवते, आणि एंटर तिचे पालन करते. २०१९ मधला माझा निळा पडदा निदान चोर आत आल्यावर लावलेला होता; हा तर दाराबाहेरच लावलेला असतो आणि आपल्याला कडी काढायला सांगतो. तो ओळखायचा कसा? संकेतस्थळ कितीही फुगले तरी ते ब्राउझरच्या खिडकीतील एक चित्र असते. ‘एस्केप’ अथवा ‘एफ ११’ ही कळ दाबून पाहावी. खिडकी आक्रसून वर पत्ता दिसू लागला की सोंग उघडे पडते. तेवढ्याने न हटले तर कंट्रोल, आल्ट आणि डिलीट या तीन कळा एकत्र दाबाव्यात. त्यांची दखल खुद्द विंडोज घेते, संकेतस्थळाला ती अडवता येत नाही. आणि खरे अद्यतन तुम्हाला कधीही काही चिकटवायला सांगत नाही.

पडद्यावर ‘आपला संगणक संसर्गित आहे, मायक्रोसॉफ्टच्या या क्रमांकावर फोन करा’ असे दाखवणारे संकेतस्थळ हे याच कुळातले. मायक्रोसॉफ्ट आपल्या धोक्याच्या सूचनेत दूरध्वनी क्रमांक देत नाही. असल्या फोनचे पलीकडचे टोक पुष्कळदा आपल्याच देशात असते, ही खेदाची बाब. ऑक्टोबर २०२३ मध्ये केंद्रीय अन्वेषण विभागाने ‘ऑपरेशन चक्र-२’ मध्ये देशभर ७६ ठिकाणी झडत्या घेतल्या, त्यांत मायक्रोसॉफ्ट आणि ॲमेझॉन यांच्या तक्रारींवरून उघडकीस आलेली बनावट मदतकेंद्रेही होती.

एका अक्षराचीही किंमत सांगतो असा ताजा प्रसंग. डिसेंबर २०२५ मध्ये एका लोकप्रिय ॲक्टिव्हेशन साधनाच्या पत्त्यातील एक अक्षर गाळून कोणी तसाच दुसरा पत्ता नोंदवला होता. घाईत चुकीचा पत्ता टाइप करणाऱ्यांच्या यंत्रात चोर शिरला. म्हणजे तोतयाचाही तोतया! असल्या साधनाची अस्सल प्रत कोणती, याची हमी देणारे कोणी नसते, आणि फसलेल्याने तक्रार तरी कोणाकडे करावी?

येथे थोडे विषयांतर क्षम्य मानावे, कारण ते आपल्या व्यवसायाशी निगडित आहे. आयबीएम पद्धतीच्या संगणकांवरील पहिला प्रसिद्ध विषाणू ‘ब्रेन’ १९८६ साली लाहोरच्या दोघा भावांनी लिहिला, आणि त्यांचे म्हणणे असे की आपण बनवलेल्या वैद्यकीय प्रोग्रामच्या चोरट्या प्रती होऊ नयेत म्हणून तो लिहिला. पहिला खंडणीखोर प्रोग्राम १९८९ च्या डिसेंबरमध्ये आला, तोही एड्सविषयी माहिती देणाऱ्या फ्लॉपीतून. अशा सुमारे वीस हजार फ्लॉप्या टपालाने धाडण्यात आल्या. घेणाऱ्यांत जागतिक आरोग्य संघटनेच्या एड्स परिषदेला उपस्थित असलेले अनेक जण होते. संगणक नव्वद वेळा सुरू केल्यावर फाइलींची नावे गुप्त लिपीत जात आणि पडदा सांगे की ‘परवाना शुल्क’ १८९ डॉलर पनामातील टपालपेटीवर पाठवा. म्हणजे खंडणी, परवाना आणि डॉक्टर यांचा संबंध पस्तीस वर्षांहून जुना आहे.

आपल्याकडे हा प्रश्न केवळ मूठभरांचा नाही. सॉफ्टवेअर कंपन्यांच्या बीएसए या संघटनेच्या २०१८ च्या अहवालानुसार २०१७ साली भारतातील संगणकांवरचे ५६ टक्के सॉफ्टवेअर विनापरवाना होते. हा अहवाल विक्रेत्यांचा आहे, तेव्हा आकडा चिमूटभर मिठासह घ्यावा; परंतु आपापल्या दवाखान्यातील संगणक आठवून पाहिले तर तो अवास्तव वाटत नाही. शिवाय १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ची मोफत सुरक्षा-अद्यतने थांबली, आणि २०१७-१८ पूर्वीची बहुतेक यंत्रे विंडोज ११ च्या अटींत बसत नाहीत. यंत्र धडधाकट, पण प्रणाली कालबाह्य. अशा वेळी ‘जुन्या संगणकावर ११ चालवा, ॲक्टिव्हेशनसह’ असे सांगणाऱ्या संकेतस्थळांना गिऱ्हाइकांची वाण पडत नाही. घरगुती वापरकर्त्यांसाठी मायक्रोसॉफ्टने १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढीव सुरक्षा-अद्यतनांची योजना दिली, ती याच अडचणीतील लोकांसाठी होती. लिनक्स हा दुसरा मार्ग. त्याला किल्लीच लागत नाही. लसीकरणाची नोंदवही आणि पत्रलेखन एवढ्यासाठी तो पुरेसा आहे, हे अनुभवाने सांगते.

कोपऱ्यातील त्या फिकट मजकुराविषयी एक गोष्ट मला आधी माहीत असती तर बरे झाले असते. ॲक्टिव्हेट न केलेले विंडोज १० वा ११ चालू राहते. पडद्याचे रंग व चित्र बदलता येत नाही, मजकूर दिसत राहतो, परंतु सुरक्षेची अद्यतने मिळत राहतात. परवान्याच्या दृष्टीने ते योग्य नव्हे, आणि मी तसे राहण्याचा सल्ला देत नाही. पण तो मजकूर म्हणजे निरुपद्रवी पुरळ होते. मी पुरळावर विषारी मलम लावले.

कायद्याचे थोडक्यात. प्रताधिकार कायद्याच्या कलम ६३-ब नुसार सॉफ्टवेअरची चोरटी प्रत जाणूनबुजून वापरणे हा गुन्हा असून त्यास किमान सात दिवस ते तीन वर्षे कारावास आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड अशी तरतूद आहे. याहून मोठी चिंता रुग्णांच्या माहितीची. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू होण्याच्या आहेत. माहिती सुरक्षित राखण्यात कसूर झाल्यास अडीचशे कोटींपर्यंत दंडाची त्यात मर्यादा आहे, आणि अठरा वर्षांखालील प्रत्येक व्यक्ती ‘बालक’ म्हणून विशेष संरक्षणास पात्र आहे. बालरोगतज्ज्ञाची संपूर्ण नोंदवही बालकांचीच असते : नाव, जन्मतारीख, आईवडिलांचे मोबाइल, घराचा पत्ता, आजार. बँकेचे कार्ड रद्द करून नवे घेता येते. मुलाची जन्मतारीख बदलता येत नाही.

आम्ही खंडणी दिली नाही. त्यात शौर्य नव्हते; आभासी चलन कसे विकत घ्यायचे हेच ठाऊक नव्हते. मदतीसाठी सुरक्षाविषयक संकेतस्थळे उघडू पाहिली तर त्या यंत्रावर ती उघडेनात, कारण चोराने पत्त्यांच्या यादीत फेरफार करून ते रस्ते आधीच बंद केले होते. ऑक्टोबर २०१९ मध्ये एम्सिसॉफ्ट या कंपनीने ‘स्टॉप’ च्या १४८ उपप्रकारांसाठी मोफत उतारा प्रसिद्ध केला. जुन्या उपप्रकारांसाठी त्याला एकाच फाइलची मूळ आणि कुलूपबंद अशी जोडी द्यावी लागे, आणि मग त्याच प्रकारच्या इतर फाइली सुटत. कॅमेऱ्याच्या कार्डात काही छायाचित्रे शिल्लक होती, म्हणून त्वचाविकारांचा संग्रह बराचसा परत आला. लसीकरणाच्या नोंदवहीची मूळ प्रत मात्र कोठेच नव्हती. दिल्लीच्या एम्सवर २३ नोव्हेंबर २०२२ रोजी हल्ला झाला, पाच सर्व्हरवरील सुमारे १.३ टेराबाइट माहिती कुलूपबंद झाली, आणि शासनाने संसदेत सांगितल्याप्रमाणे ई-हॉस्पिटलची माहिती संसर्गापासून वाचलेल्या दुसऱ्या सर्व्हरवरून परत मिळाली. ते वाचताना मला आमची नोंदवही आठवली. दुसरी प्रत ठेवणे हे काही मोठ्या संस्थांचेच काम नव्हते.

आता दवाखान्यात परवान्यासह घेतलेले एकच यंत्र आहे. रोजच्या वापराच्या खात्याला प्रशासकाचे अधिकार नाहीत. ताईंना वा मला काही नवे बसवायचे असेल तर वेगळा परवलीचा शब्द लागतो आणि तेवढ्या थांबण्यात विचार करायला वेळ मिळतो. नोंदवहीची प्रत दर शनिवारी बाहेरच्या तबकडीवर घेऊन ती तबकडी यंत्रापासून काढून कपाटात ठेवतो, कारण जोडलेली राहिली तर तीही कुलूपबंद होते. प्रणाली उतरवायची असेल तर शोधयंत्रावर नाव टाकत नाही, पत्ता हाताने लिहितो. असा प्रसंग कोणावर आलाच तर प्रथम यंत्राचे नेटवर्क तोडावे आणि दुसऱ्या, स्वच्छ यंत्रावरून ईमेल व बँकेचे परवलीचे शब्द बदलावेत. पैसे गेले असल्यास १९३० या क्रमांकावर तत्काळ कळवावे.

नोंदवही पुन्हा उभी करायला सात महिने लागले. प्रत्येक पालकाला फोन करून सांगावे लागले की आपल्या मुलाची माहिती माझ्याकडून गहाळ झाली आहे आणि कदाचित दुसऱ्याच्या हाती गेली आहे. कृपया लसीकरणाचे कार्ड घेऊन या. पहिले दहा फोन मी स्वतः केले आणि प्रत्येक वेळी तेच वाक्य बोलताना जीभ अडखळली. रागावले फार थोडे. आया कार्डे घेऊन आल्या. प्लॅस्टिकच्या पिशवीत, डाळीच्या डब्यात, देवघरातील पोथीत जपलेली ती कार्डे, कोपरे झिजलेली, हळदीचे डाग पडलेली, पण प्रत्येक तारीख वाचता येणारी. ज्यांच्याकडे कार्ड नव्हते अशा चौदा मुलांना आम्ही नियमाप्रमाणे लस न घेतलेली समजून वयानुसार मात्रा पुन्हा सुरू केल्या. त्यांतील एक सहा वर्षांची मुलगी दुसऱ्यांदा सुई टोचताना माझ्याकडे रोखून पाहत म्हणाली, "ही तर मी आधी घेतली होती." तिचे म्हणणे बहुधा खरे होते.